आलीचा लाल

सदर भागातल्या रस्त्यावर वच्छलाबाईला आधी लाल दिसला, मग बाई दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरकडून ती नुकतीच बाहेर पडली होती. डॉक्टरनं डोळ्यांत काहीतरी औषध घातलं होतं, त्यामुळे समोरचा सगळा रस्ता दुधात बुडवून काढल्यासारखा झाला होता. टांगे, दुकानांच्या पाट्या, सायकलवरून जाणारे हॅटवाले साहेब, सगळ्यांच्या कडा विरघळल्या होत्या. त्या पांढुरक्या गढूळपणात, पलीकडच्या फोटोग्राफरच्या दुकानाच्या पायरीवर, एक लाल उभा होता. तो बाजारात मिळणाऱ्या डब्यातला लाल नव्हता. तो उन्हात चमकत नव्हता, ऊन आत ओढून घेत होता. वच्छलाबाईनं आपला हात नाकाशी नेला. का नेला ते तिचं तिलाच कळलं नाही. एरंडेल तेल, खार आणि उकळलेल्या मुळ्या यांचा जो वास तिच्या बोटांना आयुष्यभर होता, तो तिथंही होता, सदरच्या साहेबी रस्त्यावर, डॉक्टरच्या औषधाच्या वासाखाली.

मोतीबिंदू धरतो आहे, असं डॉक्टर म्हणाला होता. अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू. आंब्याबद्दल बोलावं तसा तो बोलला होता आणि वच्छलाबाईनं मान हलवली होती. घरी तिनं काही सांगितलं नव्हतं. शामलाला, म्हणजे धाकट्या मुलीला, सदरला मावशीच्या घरी जाऊन येते असं सांगून ती निघाली होती. नवऱ्याला, रामाजीला, तेवढंही सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून तिला सूत आणि सुताची सावली यांतला फरक कळेनासा झाला होता. विणकरांच्या तांडापेठेत सूत रंगवणारी बाई, आणि तिला रंग दिसेनासे व्हावेत, हे कुणाला सांगायचं? सांगितलं की ते खरं होईल. म्हणून ती भट्टीपाशी उभी राहून वासावरून, सुताच्या चिकटपणावरून, बोटांत पिळलेल्या पाण्याच्या जडपणावरून अंदाज बांधायची, आणि शामलाला उगाच विचारायची, "कसा आला वं?" मुलगी म्हणायची, "नेहमीसारखा आला." नेहमीसारखा म्हणजे कसा, हे विचारायची सोय नव्हती.

आणि आता हा लाल तिला दिसत होता. रस्ता ओलांडताना एका टांगेवाल्यानं शिवी हासडली, ती तिनं ऐकली नाही. हा रंग तिचाच होता. उमरेडला तिच्या मायनं शिकवलेला, आलीच्या झाडाच्या मुळ्यांचा. ताज्या सुताला तेल-खाराचं पाणी पाजायचं, वाळवायचं, पुन्हा पाजायचं, इतक्यांदा की सूत हातात घेतलं तर जिवंत जनावराच्या कातड्यासारखं लागावं, मग तुरटी, मग तांब्याच्या हंड्यात कुटलेल्या मुळ्या आणि मंद जाळ. घाई केली की लाल तपकिरी होतो. माय म्हणायची, आल ही सासुरवाशीण आहे, हळूहळू बोलती करावी लागते. तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत डब्यातला विलायती रंग आला. एका दुपारात सूत लाल व्हायला लागलं, आणि पेठेतल्या बायकांनी आल सोडून दिली. वच्छलाबाईनं सोडली नाही. हट्ट म्हणून नव्हे. तिला दुसरा लाल लालच वाटत नव्हता.

पायरीवरची बाई तरुण होती, चष्मा लावलेली, धरमपेठेतल्या नव्या बंगल्यांतली असावी अशी. कुणाची तरी वाट पाहत रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तिनं नेसलेलं लुगडं लाल अंगाचं, काळ्या काठाचं होतं. वच्छलाबाई तिच्यापुढं जाऊन थांबली. एवढ्या जवळूनही काठ तिला धड दिसेना. काठात कधीकाळी पळसफुलांच्या पिवळ्याची एक रेघ असली पाहिजे होती. ती नव्हती. पळसाचा पिवळा टिकत नाही, तो उडणारच, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. तरी तिनं घातला होता.

"काय हो बाई, काय पाहिजे?" त्या बाईनं विचारलं. स्वर वाईट नव्हता.

"लुगडं पाहून राहिली. हात लावू का?"

बाईनं क्षणभर तिच्याकडे, तिच्या मनगटापर्यंत रंगलेल्या हातांकडे पाहिलं आणि पदर पुढं केला. वच्छलाबाईनं तो दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांची गरज संपली. पदराच्या टोकाकडून वर जाताना वीण थोडी सैल लागत होती, ठोका भीत भीत मारलेला. मग एका ठिकाणी तो घट्ट झाला होता आणि तिथून पुढं सारखाच, एका दमाचा, शेवटपर्यंत. ती जागा बोटाखाली येताच तिच्या खांद्यात कळ आली. त्या वेळी आली होती तीच.

मानमोडीच्या तापाच्या साथीचं ते वर्ष. पेठेत घराआड घर ओस पडत होतं, नदीवर लाकडं पुरत नव्हती. रामाजी तापातून उठला, पण हातांत जीव नव्हता. पाण्याचा गडवा उचलताना तो दुसऱ्या हातानं मनगट धरायचा. मागावर महाल भागातल्या एका वकिलाच्या घरचं लग्नाचं लुगडं चढलेलं होतं, ताणा लागलेला, बाण्याचं सूत तिनंच रंगवून ठेवलेलं. बाईनं कांड्या भराव्यात, खळ लावावी, ताणा ओढावा, रंगवावं, पण मागावर बसू नये, हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. एका सकाळी रामाजी भिंतीकडे तोंड करून पडला असताना ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. आधी आडवं सूत नेणारा धोटा तिच्या हातातून निसटून पलीकडे पडला. मग नाही पडला. भिंतीकडे तोंड केलेला माणूस हलला नाही, पण त्याच्या पाठीवरून तिला कळत होतं की तो ऐकतो आहे. ठोका सैल पडला की ती पाठ आखडायची. काही दिवसांनी, ठोका आपोआप घट्ट झाला त्या दिवशी, त्यानं कूस बदलली आणि तो झोपला. आजारात पहिल्यांदा इतका गाढ झोपला की ती घाबरून उठली आणि त्याच्या नाकापाशी हात धरून पुन्हा मागावर आली.

लुगडं उतरलं त्या दिवशी ताराचंद शेठ आला होता. पेठेतला माल पाहत हिंडणारा, चांगल्या कापडाचा खरा दर्दी माणूस. त्यानं ते उजेडात धरलं, उलटं केलं, गालाला लावलं आणि म्हणाला, "रामाजी, बिमारीनं तुमचा हात बिघडाच्या ऐवजी सुधरला गा." वच्छलाबाई आतल्या दारामागं उभी होती. रामाजीनं जमिनीकडे पाहिलं, आणि जमिनीकडेच पाहत राहिला. बस, एवढंच. पुढं कित्येक वर्षं पेठेत रामाजीच्या हाताचं नाव निघत राहिलं, जाणती माणसं त्या लुगड्याची आठवण काढत राहिली. तो बरा झाला, मागावर बसला, उत्तम विणू लागला. तिनं पुन्हा धोट्याला हात लावला नाही. कुणाशी एक शब्द बोलली नाही. सासूशी नाही, शामलाच्या बाळंतपणाला माहेरी राहिली तेव्हा मायशीही नाही. हे न बोलणं ही तिची मोठी वस्तू होती. इतर बायकांकडे पाटल्या होत्या, तिच्याकडे हे होतं. भांडण झालं, त्यानं ताट सरकवलं, कुणी तिला काही बोललं, की ती मनातल्या मनात ते उघडून पाहायची आणि ताठ व्हायची.

"जुनं आहे हो, सासूबाईंचं," पदर तिच्या हातात तसाच ठेवून ती बाई सांगत होती. "त्यांच्या लेकीच्या लग्नात घेतलेलं. रुखमाबाई त्यांचं नाव, दोन वर्षं झाली जाऊन. आता माझ्याकडे असतं. आमच्या घरी याला वच्छला म्हणतात."

रस्त्यावरचा आवाज एकदम लांब गेला. वच्छलाबाईला वाटलं, औषध डोळ्यांतून कानांत उतरलं असेल. "काय म्हणता?"

"वच्छला. आहे खरं विचित्र. सासूबाई म्हणायच्या, कुसुम, आज सण आहे, वच्छला नेस. विणणारीचं नाव आहे ते. तो विणकर स्वतः लुगडं घेऊन आला होता म्हणे, तापातून उठलेला, भिंत धरत धरत. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलं. तर तो म्हणाला, हे माझ्या हातचं नाही, माझ्या बायकोनं विणलं आहे. वच्छला तिचं नाव. नेसाल तेव्हा माहीत असू द्या."

"नाव घेतलं त्यानं?"

"घेतलं म्हणून तर आम्हाला माहीत."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, रामाजीच्या तोंडून तिनं आपलं नाव ऐकलं नव्हतं. आधी "ऐकलं का वं", नंतर "शामलाची माय". त्या नावाचा आवाज त्याच्या तोंडात कसा होतो तेही तिला माहीत नव्हतं, आणि महालातल्या एका परक्या ओसरीवर तो होऊन गेला होता. तिथून ते नाव एका घरात शिरलं होतं. सणासुदीला पेटीतून निघत होतं, उन्हात वाळत होतं, घडी होऊन पुन्हा आत जात होतं. ती तांडापेठेत भट्टीला जाळ घालत असताना त्या घरात कुणी म्हणत होतं, आज वच्छला नेस.

गप्प बसावं, असं एकदा तिच्या मनात आलं. त्यात तिचा हात बसलेला होता. पण तोंडातून शब्द गेले तेव्हा आपला आवाज एवढा मोठा आणि स्वच्छ असू शकतो याचं तिला नवल वाटलं. "मीच वच्छला," ती म्हणाली. "तांडापेठेतली. रामाजीची बायको."

कुसुमताईंनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, आणि या खेपेला नजर त्या हातांवरच राहिली. खरं की खोटं असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खांद्यावरून पदर पूर्ण सोडून घेतला, हात लांब करून उन्हात पसरून धरला आणि म्हणाल्या, "मग नीट पाहा." रस्त्यावरची माणसं पाहत होती. त्यांचे यजमान, मनोहरराव, कोपऱ्यावरून घाईघाईनं येत होते, आणि ते बायकोकडे बघून थबकले. वच्छलाबाईनं पाहिलं. दिसत होतं ते अर्धंच, पण तिनं पुरं पाहिलं. मग आतून फोटोग्राफरनं हाक मारली. फोटोत हा लाल काळा येईल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचं तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

घरी जाताना तिनं टांगा केला नाही. मंगळवारीतून, रेल्वेच्या रुळांवरून, मोमिनपुऱ्याकडे ती चालत राहिली, आणि चालता चालता तिच्या आत काहीतरी वर चढत राहिलं. छाती भरून आली होती. रस्त्यातल्या प्रत्येक बाईच्या अंगावरचं कापड तिला कुणाचं तरी नाव असल्यासारखं वाटत होतं. मोमिनपुऱ्यातल्या घराघरांतून मागांचा आवाज येत होता, आणि तिनं ठोक्यांवरून माणसं ओळखायचा खेळ सुरू केला: हा म्हातारा, हा घाईत, याचं लक्ष नाही. पण मोमिनपुरा ओलांडेपर्यंत त्या भरून आलेल्या छातीत एक काटा जाणवू लागला. त्यानं परक्यांना सांगितलं. तिला नाही. एवढी वर्षं ती जी पेटी मनात सांभाळत आली, ज्यात "हा माणूस माझं घेऊन गप्प बसला" एवढी एकच वस्तू होती, ती पेटी रिकामी होती. मग ती ताठ कशावर झाली होती? ज्या रात्री तिनं त्याच्याकडे पाठ केली, त्या कुठल्या जोरावर? तिला राग आला, आणि राग आला म्हणून हसू आलं. ज्याचं दुःख कुणीतरी लुटून नेलं आणि बदल्यात घर भरून टाकलं, अशा माणसानं पोलिसात जावं की पेढे वाटावेत? गोलीबार चौकात ती जरा वेळ उभीच राहिली. मिलचा भोंगा वाजला. पाळी सुटलेली माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली, आणि तिच्या दुधाळ डोळ्यांना ती सगळी न रंगवलेल्या सुतासारखी दिसली, अजून काहीही होऊ शकणारी.

रामाजी मागावर होता. शामला पलीकडे कांड्या भरत बसली होती. मायचा चेहरा पाहून ती काही न विचारता पाणी आणायला उठली. वच्छलाबाई खड्ड्याच्या काठावर बसली. रामाजीनं धोटा थांबवला. तो म्हातारा झाला होता, हे तिला आज, नीट दिसत नसताना दिसलं. तिनं सदरची हकीकत सांगितली, डॉक्टर वगळून. फोटोचं दुकान, पायरी, लुगडं, कुसुमताई. त्याच्या जमिनीकडे पाहण्याची तिला सवय होती, पण आज त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"मले काहून नाही सांगतलं?" ती म्हणाली.

रामाजीला प्रश्न खरोखर कळला नसावा असं वाटलं. त्यानं फणीवर बोट फिरवलं, थोडा विचार केला. "तुले तं माहीतच होतं," तो म्हणाला. "ज्यायले माहीत नोतं त्यायले सांगतलं."

एवढं सरळ उत्तर असेल आणि ते तिला एवढ्या वर्षांत सापडलं नसेल, हे तिला पटेना, आणि ते खोटं आहे असंही वाटेना. "पेठेत तं कोनालेच माहीत नोतं," ती शेवटी म्हणाली. "ताराचंद शेठले नोतं."

शामला पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती आणि दोघांकडे पाहत होती. "पेठेत सांगाची हिंमत नाही झाली," रामाजी म्हणाला. त्यात माफी नव्हती, तक्रारही नव्हती. आपल्या अंगाचं माप सांगावं तसं तो बोलला. मग त्यानं विचारलं, "सदरले काहून गेली होती?"

आता तिची पाळी होती. तिनं डोळ्यांचं सांगितलं. हिवाळ्यापासून काय दिसतं, काय दिसत नाही, रंग कसे एकमेकांत जातात, ते सगळं. सांगितल्यावर ते जास्त खरं झालं नाही, जरा हलकंच झालं. रामाजी ऐकत होता, आणि ऐकताना त्याची पाठ आखडलेली तिनं पाहिली. ती पाठ तिला पाठ होती. उजाडल्यावर ती भट्टी पेटवायला गेली तेव्हा तो आधीच तिथं बसला होता. गुडघे दुखत असतानाही उकिडवा. हंड्यातून काढलेली सुताची पहिली लडी त्यानं काठीवर घेऊन सूर्याकडे धरली आणि म्हणाला, "अजून विटकरी हाये." थोड्या वेळानं म्हणाला, "आता डाळिंबाच्या सालीसारखा." मग बऱ्याच वेळानं, आवाज खाली घेऊन, "आता झाला." तिनं ती लडी बोटांत धरली. झाला होता.

त्याच महिन्यात ती मागावर बसली. कुणी बस म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. रामाजी मागावरून उठला होता, त्याची जागा रिकामी होती, आणि तिनं खड्ड्यात पाय सोडले. डोळे फारसे लागत नव्हते. तुटलेला धागा बोटांना आधी कळायचा. शामलाला तिनं शेजारी बसवून घेतलं आणि ठोका कसा ऐकायचा ते सांगू लागली. शेजारच्या भैयाजीनं, जो पेठेतला बोलका माणूस होता, दारावरून जाताना दोनदा डोकावून पाहिलं. मग तो रामाजीपाशी ओट्यावर येऊन बसला आणि पावसापाण्याचं, मिलमधल्या भरतीचं, इकडचं तिकडचं बोलत राहिला. विचारायचं होतं ते त्याला विचारता येईना. आतून माग वाजत होता आणि बाहेर रामाजी विडीचा धूर सोडत मागाला ऐकत होता, भैयाजीला नव्हे.

कुसुमताई आल्या त्या एका दुपारी, टांग्यातून, तांडापेठेच्या बोळाच्या तोंडाशी उतरून. त्यांना नणंदेच्या मुलीसाठी तसंच लाल लुगडं करून घ्यायचं होतं. बोळातल्या पोरांना त्यांनी विचारलं, वच्छलाबाईंचं घर कोणतं? पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पेठेत त्या नावाचं घर नव्हतं. घरं होती ती पुरुषांच्या नावाची. भैयाजी ओट्यावरून उठला आणि म्हणाला, "कोन वच्छलाबाई, बाई? इथं तं कोनी नाही त्या नावाचं." शेजारच्या दारांतून दोन-चार तोंडं बाहेर आली. आत वच्छलाबाईनं ते सगळं ऐकलं. तिच्या हातातला धोटा क्षणभर जड झाला. शामलानं तिच्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी उठल्याचा, गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठल्याचा आवाज झाला, आणि रामाजीचा आवाज आला, बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल एवढा, तिनं त्याच्या तोंडून कधीच न ऐकलेला:

"हेच घर, बाई. वच्छला आत मागावर हाये."

वच्छलाबाईनं मान वर केली नाही. तिनं धोटा फेकला, पलीकडे झेलला आणि फणी ओढून ठोका दिला.